कापलेले समास

कुरुळी,
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

चि. मैत्री हिस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत. थंडीमुळे आईचा गुडघा धरतो, पण डॉक्टरकडे चल म्हटलं की लगेच बरा होतो. तळेगाव चौकातली गर्दी आहे तशीच आहे. परवा कंपनीची बस पाऊण तास एका जागी उभी होती. आमच्या लाइनवरच्या पूनमची तेवढ्यात स्वेटरची अर्धी बाही विणून झाली.

फोन सोडून अक्का पत्र कसली लिहितेय, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मग मी गप्प बसते. लहानपणापासूनचं आहे ते. शिवाय पार्सल कोल्हापूरला यायचंच आहे, त्यात चार कागद जास्त.

पार्सलमध्ये अण्णांची अकरा पुस्तकं आहेत. बांधणी छान झाली आहे, कापडी पुठ्ठे, शिलाई घट्ट. समासांचं तुला मी फोनवर सांगितलंच आहे. बाइंडर अन्वरभाईंनी कटिंग मशीनवर कडा पार छपाईपर्यंत घेतल्या आणि अण्णांनी पंचवीस वर्षं समासात पेन्सिलीनं लिहिलेलं सगळं गेलं. म्हातारा माणूस, नजर कमी झालीय, त्यांची चूक झाली.

हे शेवटचं वाक्य खोटं आहे. पण खोडत नाही, राहू दे.

तू अन्वरभाईंना फोन केलास तेव्हा मी त्यांच्या दुकानातच उभी होते. तुझा आवाज मंडईच्या मागच्या गल्लीत ऐकू येत होता. "तुम्ही माझ्या वडिलांना दुसऱ्यांदा मारलंत," म्हणालीस. ते एवढंच म्हणाले, "हां बेटा, चुकलं माझं." फोन ठेवला आणि माझ्याकडं न बघता खळ ढवळायला लागले. मी तिथंच बोलायला हवं होतं. "येते भाई" म्हणून निघून आले.

आता नीट सांगते. पुस्तकं मशीनखाली घालण्याआधी त्यांनी मला थांबवलं होतं. म्हणाले, "ताई, कडेला सगळीकडं लिहिलेलं हाय. मी नुसती टोकं सारखी करतो, दोन सूत. बाकी राहू द्या."

मी म्हटलं, "छपाईपर्यंत घ्या."

"परत इचार करा. एकदा पातं खाली आलं की माझ्या हातात काय न्हाई."

"धाकट्या बहिणीनंच तसं सांगितलंय," मी म्हटलं.

म्हणजे तुझा फोन आला त्या क्षणी त्यांना कळलं की मी खोटं बोलले होते. तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी त्यांची कोण लागते, मैत्री?

का केलंस म्हणून विचारशील. दरवर्षी जूनमध्ये अण्णा आपल्या कोऱ्या वह्यांना समास आखायचे, आठवतं? कंपनीतली स्टीलची पट्टी आणि लाल रिफिल. तुझ्या वह्या, माझ्या वह्या, सगळा जमिनीवर पसारा. "ही जागा बाईंची, इथं आपण लिहायचं नसतं," म्हणायचे. आणि स्वतः मात्र वाचनालयानं काढून टाकलेल्या जुन्या कादंबऱ्या आणून त्यांचे समास भरून टाकायचे. दहावीनंतर मी कंपनीत लागले. त्या जूनमध्ये त्यांनी फक्त तुझ्या वह्या आखल्या. पट्टी हलू नये म्हणून दुसरं टोक मी धरलं होतं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले.

दिवाळीत तू आलीस, ती पुस्तकं मांडीवर घेऊन रडलीस आणि मला तुझ्या प्रबंधाचा विषय समजावून सांगितलास. कादंबऱ्या वाचताना कामगार समासात काय लिहितात, आणि छापलेल्या मजकुराइतकंच ते कसं मोलाचं असतं. मला फार बरं वाटलं. मग तू म्हणालीस, "पण फक्त वाचनाबद्दलच्या नोंदी घ्यायच्या हं, अक्का. बसच्या वेळा, औषधं, किराणा, पाळ्या, तसलं काही धरायचं नाही." अकरापैकी एका पुस्तकाचे फोटो काढून तू गेलीस. मग सगळी मी बांधून घेऊन पाठवायची असं ठरलं.

मी आधी ती वाचली. तीन गुरुवारच्या सुट्ट्या घातल्या. कंपनीत वायरी तपासते तशी, एक ओळ सुटू दिली नाही. "हे मैतूला आवडेल." "मैतूला विचारावे." "मैतू असती तर इथे हसली असती." एक्केचाळीस वेळा तुझं नाव. माझं एकदाही नाही. अण्णा आजारी पडल्यापासून दीड वर्ष त्यांची आंघोळ मी घातली, नखं मी काढली, रात्रपाळी करून आल्यावर पेज मी भरवली. आणि त्या अकरा पुस्तकांत मी कुठंच नव्हते. मला तुझा राग आला, अण्णांचा त्याहून जास्त आला. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. पुस्तकं पिशवीत भरली आणि पिंपरीला गेले.

गेल्या गुरुवारी अन्वरभाईंनी बोलावून घेतलं. कापलेल्या पट्ट्या त्यांनी टाकल्या नव्हत्या. प्रत्येक पुस्तकाची वेगळी जुडी, शिलाईच्या दोऱ्यानं बांधलेली, वर चिठ्ठी. म्हणाले, "कुणाचं तरी लिहिलेलं हाय. रद्दीत टाकवंना." आणि जुड्या माझ्या पिशवीत भरून दिल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

आठवडाभर कामावरून आले की मी त्या पट्ट्या पानांच्या क्रमानं कोऱ्या कागदांवर चिकटवत बसले. पार्सलमध्ये त्यांचा वेगळा गठ्ठा आहे. काही शब्द मधूनच कापले गेलेत, काही पट्ट्यांचा भुगा झालाय. तेवढं भरून निघणार नाही. तुझ्या गाइड बाईंना खरं कारण सांग. बाइंडरचं नाव सांगू नकोस.

आणि हे पत्र वाचून झाल्यावर पहिला फोन त्यांना कर. नंबर तुझ्याकडं आहे. मी जाऊन पाया पडून आले, पण तू त्यांना बोललीस ते तुलाच परत घ्यावं लागेल. माझ्याशी बोलायचं की नाही ते नंतर ठरव. नाही बोललीस तर मी समजून घेईन, असं लिहिणार होते. पण मला ते जमणार नाही.

अजून एक गोष्ट राहिली. आठव्या जुडीत एक पट्टी निघाली. तीन गुरुवार वाचताना ती माझ्या नजरेखालून गेली असणारच, पण पाळी दिसली, वेळ दिसली, आणि तू म्हणालीस तसलं काही म्हणून मी पुढं गेले. अण्णांचंच अक्षर आहे. "विजूची सोमवारपासून पहिली पाळी. पावणेपाचला उठणे. चहा आपण ठेवणे, तिला झोपू द्यावे."

पहिल्या पाळीला मी उठायचे तेव्हा चहा तयार असायचा. बारा वर्षं, मी रात्रपाळी मागून घेईपर्यंत. आईच ठेवते असं मी धरून चालले होते. आज सकाळी तिला विचारलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "म्या कवा उठले गं एवढ्या पहाटं? तुझा बापच ठेवायचा."

ती एक पट्टी मी पाठवलेली नाही. तुझ्या यादीत तशीही ती धरायची नव्हती.

तुझी अक्का,
विजू