बारा सेकंदांचा नागेशदादा

११ जून

दादा फोन उचलत नाही. काल सकाळपासून सात वेळा लावला. काल निदान रिंग जात होती. आज तीही जात नाही.

तिकडे अमेरिकेत त्याच्या शहरात तीन दिवस जाळपोळ चाललीय. पोलिसाच्या गोळीने कोणीतरी मेला, त्यावरून मोर्चा निघाला, आणि मोर्चा पुढे गेला की मागे दुकानं फुटतात. दादाचं दुकान त्याच रस्त्यावर. दादाचं म्हणजे गुजराती शेठचं, पण सकाळी उघडतो दादा आणि रात्री बंद करतो दादा.

मोबाईलवर दोन अमेरिका दिसतात. मोठ्या चॅनेलवरची बाई सांगते, लोक शांततेत चाललेत. मेणबत्त्या, गाणी. आणि मी रोज ऐकतो तो दाढीवाला — एकटाच टेबलामागे बसून बोलतो, मला इंग्रजी कुठलं यायला, पण हल्ली मशीनच त्याचं हिंदी करून देतं — तो दाखवतो की औषधाचं दुकान धडाडून पेटलंय. शहर एकच. रात्रही एकच! कोणाचं खरं धरायचं?

मी दाढीवाल्याचं धरतो. उगीच नाही. बाई बोलत होती तेव्हा तिच्या खांद्यामागे एक शटर दिसत होतं. खालची पट्टी मधोमध वाकलेली, बाकीच्या पट्ट्या बाजूच्या गाईडच्या खाचेतून सुटून लोंबतायत. मेणबत्तीने शटर असं वाकत नाही, बाई! खालून जॅक लावलाय. चार वर्षं इथे सौदीत, अल सुलैच्या शेडमध्ये मी शटरच बनवतोय. आठवी नापास असलो तरी एवढं कळतं.

दादा सहा वर्षं तिकडे आहे. आधी जहाजावर होता, किचनमध्ये. मग जहाज सोडून या दुकानात लागला. तिकडे कफील, म्हणजे मालक, बदलणं किती सोपं! मला एका शेडमधून शेजारच्या शेडमध्ये जायला अकरा महिने लागले, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, अडकून पडला होता.

आईला काय सांगू? ती टीव्ही बघत नाही, तेवढं बरं.

१२ जून

नाही उचलला.

सकाळी बसमध्ये मुझम्मिलशी वाजलं. मुझम्मिल माझ्याच खोलीतला, राजापूरकडचा. मी शटर जोडतो, तो रंग मारतो. मी म्हटलं, जाळणाऱ्यांना धरून आत टाका, एका दिवसात शहर गप्प होईल.

"आणि ज्याने गोळी घातली त्याला?"

"त्याच्यावर खटला होईल की."

"झाला की मला कळव. शुक्रवारची बिर्याणी माझ्याकडून."

"अरे, पण दुकानवाल्याने काय केलं? त्याने घातली गोळी?"

"नाही घातली. म्हणून मेलेल्याच्या भावाने घरात बसून रडायचं?"

"रडू दे, ओरडू दे. काडी कशाला लावतो?"

मग म्हणतो, "विन्या, तुझ्या दाढीवाल्याला म्हणावं एक दिवस इकडे ये आणि एक शटर उचलून दाखव. मग बोल." सगळी बस हसली. मीही हसलो, पण राग राहिला.

मला एवढंच म्हणायचंय. माणूस शटर ओढतो तेव्हा गावावर भरवसा ठेवून घरी जातो. कुलूप काय, दोन मिनिटांत तुटतं. खरं कुलूप म्हणजे बाहेरची माणसं. तीच फोडायला लागली तर कायद्याने दांडका घ्यायलाच हवा. यात काय चुकलं? मोठी चॅनेलं हे बोलत नाहीत. जाळणाऱ्याला नाव देतात — आंदोलक. ज्याचं जळलं त्याला नावच नाही.

१३ जून, शुक्रवार

दादाचा फोन आला!! जेमतेम एक मिनिट.

"आहे मी. दुकान वाचलंय."

"दादा, झालं काय?"

"नंतर सांगतो. आईला काही बोलू नको. तू पण कुणाला सांगत बसू नको."

आवाज बसलेला. धूर गेला असणार घशात. पण आहे! मुझम्मिलने स्वतःहून बिर्याणी केली. खटला नाही, तरी केली.

१५ जून

पहाटे साडेचारला उठून मोबाईल उघडला तर दाढीवाल्याच्या मागच्या पडद्यावर — दादा!

बारा सेकंद आहेत. रस्ता धुराने भरलाय. माणसं पळतायत. आणि शेठच्या दुकानासमोर नागेशदादा. लाल टी-शर्ट, पाय फाकवून उभा, हातात लोखंडी गज वर धरलेला, तोंड उघडं — ओरडतोय काहीतरी. शटर अर्ध्यावर. पुढची दोन पोरं त्याला बघून थबकतात. तिथेच कट.

दाढीवाला म्हणाला, हा बघा, खरा अमेरिकन माणूस असा असतो. नाव माहीत नाही, पण एकट्याने जमाव थोपवला.

आमच्या तळेकोंडचा नागेश पाष्टे खरा अमेरिकन! मी मुझम्मिलच्या पांघरुणावर उडी मारली. तो शिव्या देत उठला आणि मग त्याने ते बारा सेकंद चार वेळा बघितले. खांद्यावर हात मारला फक्त.

बसमध्ये सगळ्यांना दाखवलं. फोरमन सिराजुद्दीन हैदराबादचे, कधी कोणाला चांगलं म्हणत नाहीत. ते पण म्हणाले, "भाई है तुम्हारा? कलेजा है मियाँ उसके पास."

१६ जून

रात्रभरात उलटं झालं. मोठ्या चॅनेलवर तेच बारा सेकंद. खाली पट्टी — मोर्च्यातल्या लोकांवर गज उगारणारा दुकानदार. बाई विचारते, ह्याला हत्यार हातात घ्यायचा हक्क कोणी दिला?

हत्यार! अगं बाई, ती आकडी आहे! शटर ओढायची आकडी. प्रत्येक शटरबरोबर आम्ही एक देतो. कडीत अडकवायची, खाली ओढायची. दादा शटर बंद करत होता एवढंच. एकाने हीरो केला, दुसऱ्याने गुंड केला. आकडी ओळखणारा एक पण नाही त्या देशात!

जेवणाच्या सुट्टीत शेडमागे पत्र्याच्या सावलीत बसलो आणि कमेंट टाकली. मराठीत बोललो, मोबाईलने इंग्रजी केलं. दोन्हीकडे टाकली, बाईकडे आणि दाढीवाल्याकडे. इथे उतरवून ठेवतो —

"मी विनय पाष्टे. तुम्ही दाखवलेला माणूस माझा सख्खा भाऊ नागेश पाष्टे, मु. पो. तळेकोंड, ता. लांजा, जि. रत्नागिरी. सहा वर्षांपूर्वी जहाज सोडून या दुकानात लागला. एक दिवस सुट्टी नाही. हातात आहे ती शटरची आकडी. मी सौदीत शटर बनवतो, मला विचारा. माझा भाऊ गुंड नाही."

माणसाची ओळख द्यायची तर अशीच देतात. नाव, गाव, तालुका, जिल्हा. लपवायला आम्ही काय चोर आहोत?

आणि मग मोर्च्यातली पोरं खाली कमेंटीत दादाला शिव्या देत होती त्यांना एकेकाला सुनावलं. फुकटे, आगलावे, जे सुचेल ते. तासाभरात चाळीसेक जणांना!

१७ जून

दोन हजार लाईक.

१८ जून

दाढीवाल्याने माझी कमेंट वाचून दाखवली! अख्खी! 'विनाय पास्ते' म्हणाला. तळेकोंडचं तर त्याने पार भजं केलं. आकडीचं चित्र दाखवलं आणि टेबलावर मूठ आपटली — बघा, सौदीत लोखंड कापणाऱ्या मजुराला जे दिसतं ते आपल्या पत्रकारांना दिसत नाही!

अंगावर काटा आला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं ऐकलं. गावात मला 'बडबड्या' म्हणतात. ऐका आता!

दादाला सांगायला फोन लावला. बंद.

१९ जून

अनितावहिनीचा फोन. दादाची बायको, गावी आईजवळ असते. एरवी 'भावजी, जेवलात का' असं सुरू करते.

"भावजी, काय करून ठेवलंत!"

"काय केलं? वहिनी, अमेरिकेत नाव झालं दादाचं —"

"नावच नको होतं त्यांना! कागद नाहीत त्यांच्याकडे!"

मला कळेना. म्हटलं, "कसले कागद? कंपनी बदलली ना त्याने?"

"कंपनी कसली बदलतात! जहाज बंदराला लागलं, हे खाली उतरले, जहाज निघून गेलं. सहा वर्षं लपून आहेत. म्हणून तर येता येत नाही."

"आईला माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"मग मला का नाही सांगितलं कोणी?"

मग म्हणाली, "तुम्ही बोलता फार, भावजी."

२० जून, शुक्रवार

दोन्ही कमेंटी पुसल्या. काय उपयोग? दाढीवाल्याच्या व्हिडिओत राहिलीच. लोकांनी फोटो काढून ठेवलेत. पंधरा लाख जणांनी बघितलंय. त्यात नाव, गाव, तालुका, जिल्हा — आणि 'जहाज सोडून'. मीच लिहून दिलं. कोणी विचारलं पण नव्हतं!

मुझम्मिल म्हणाला, "तुझी काय चूक? आपल्याला इकामाशिवाय कोणी जगतो हे ठाऊकच नाही."

मी म्हटलं, गप बस. तो गप्प बसला. मग मला ते पण सहन होईना.

२२ जून

दाढीवाल्याचा नवा व्हिडिओ. माझ्या 'जहाज सोडून' वरून कोणीतरी शोध लावला म्हणे. म्हणतो, मला वाईट वाटतं, माणूस शूर आहे, पण जहाजावरून पळून आलेला आहे. दुकान वाचवलं म्हणून कायदा बदलत नाही. नियम एकाला एक, दुसऱ्याला दुसरा असं चालणार नाही. घेऊन जा.

चुकीचं बोलला का? नाही. मी असतो तर अगदी हेच बोललो असतो. शब्दसुद्धा हेच. इथे मी मोरीत जाताना पण इकामा जवळ ठेवतो — नियम म्हणजे नियम. दुसऱ्या कोणाचा भाऊ असता तर मी खाली लाईकचा अंगठा दाबला असता आणि चहा प्यायला गेलो असतो.

आणि बाईच्या चॅनेलवर आता दादा एकदम गरीब बिचारा! मागच्या आठवड्यातला गुंड कुठे गेला? एका शब्दाने माफी मागितली नाही. दोघांना पण दादा नकोच होता. दोघांना बारा सेकंद हवे होते.

मलाही. ते पण लिहून ठेवतो.

२३ जून

गाईड सहा इंच आखूड कापला. सिराजुद्दीन तापले. "क्या मियाँ, हात इधर, दिमाग अमेरिका में?" मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी मशीन बंद केलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "कानून अपनी जगह सच्चा है बेटा. मगर घर का पता तो तुम दिए ना?"

चार वर्षांत पहिल्यांदा बेटा म्हणाले.

२४ जून

नेलं दादाला, कागद तपासणाऱ्या पोलिसांनी. सकाळी, दुकान उघडताना. शेठने वहिनीला कळवलं.

२५ जून

काही लिहायला सुचत नाही. आईशी बोललो. ती म्हणाली, "तू वेळेवर जेवत जा." बाकी काही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२७ जून, शुक्रवार

दादाचा फोन आला, आतून. पाचच मिनिटं देतात.

मी रडायला लागलो तर म्हणाला, ते नंतर, आधी ऐक. "मी शटर बंद करत नव्हतो रे. उघडत होतो. धूर सोडला होता पोलिसांनी. पोरं समोर गुदमरत होती. 'आत या, आत या' म्हणून ओरडत होतो. अकरा जणांना घेतलं आत, मग ओढलं." आता वकील म्हणतो, त्यातल्या दोघा-तिघांनी येऊन हे सांगितलं तर निदान जामीन मागता येईल. पण त्यांची नावं दादाला माहीत नाहीत.

ते बारा सेकंद परत लावले. आकडी कडीत नाहीच! पट्टीच्या खाली आहे, वर रेटायला लावतात तशी. रोज शटर बनवतो मी, आणि मला दिसलं नाही.

ज्यांनी दुकानं जाळली त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. पण आज सकाळपासून बसलोय — त्या दिवशी ज्या चाळीस जणांना मी शिव्या घातल्या, त्यांना एकेकाला लिहितोय, तुम्ही आत होतात का? होतात तर कृपा करून सांगा. तेवीस झाले. उत्तर कोणाचं नाही.