‘नंतर बघू’ असं मीच लिहिलेलं

सोम., ३ फेब्रु.
सकाळीच सरांचा फोन. आवाज पडलेला. आपलं सॉफ्टवेअर वापरणारं डायलिसिस सेंटर गेल्या मंगळवारी पाणीकपातीमुळे बंद होतं. सगळ्या पेशंटच्या पाळ्या पुढे सरकल्या, मेसेज गेले. उत्तनच्या हिराबाई मात्र यादीतूनच गायब. गुरुवारी बिचाऱ्या सेंटरवर गेल्या, तर काउंटरवर म्हणे, "लिस्ट में नाम नहीं है, मैसेज आएगा." परत घरी. शनिवारी श्वास लागला. आयसीयूत आहेत.
दहा मिनिटांत सापडलं. कोडमध्ये ओळ होती: ‘टूडू: पुढची पाळी फुल असेल तर? नंतर बघू.’ खाली सही. माझी. तीन वर्षांपूर्वीची.

मंगळ., ४
दुपारपर्यंत दुरुस्त केलं. पुढची पाळी फुल असली की नाव यादीतूनच गळायचं, आता त्यापुढच्या पाळीत जातं. जेमतेम अकरा ओळी.
त्या दिवशी कसली घाई होती, काही केल्या आठवत नाही.
नदीम, माझ्या टीममधला, कॉलवर म्हणाला, "अच्छा हुआ लिखा था, वरना ढूँढने में हफ्ता जाता."
"लिखा नहीं होता तो शायद उसी दिन कर देती."
मला खरंच वाटतं तसं. टूडू म्हणजे स्वतःसाठी ठेवलेली चिठ्ठी. मशीन ती वाचत नाही. माणसंही नाहीत. पण लिहिली की डोक्यातली टोचणी जाते, काम झाल्यासारखं वाटतं.

गुरु., ६
आमच्या इंद्रलोक भागातून रिक्षा करून हॉस्पिटलला गेले. कशाला, माहीत नाही. बाहेर बाकावर हिराबाईंची मुलगी लता. चाळिशीची असेल. सांगितलं, सेंटरच्या कंप्युटरचं काम बघते. तिने सरकून जागा दिली.
"आय बोलत व्हती, आपुन तिथंच जाऊन बसू. मीच बोलली, मेसेज येल, थांब. माजीच चुकी हाय, ताई."
तोंड उघडलं होतं मी. निघालं काय, तर "चहा घेणार?"
नंबर देऊन आले.

शुक्र., ७
सर: "कोडमधले सगळे टूडू काढून टाक. सोमवारी सेंटरचा माणूस कोड बघायला येतोय. लिहिलेलं दिसलं म्हणजे आपल्याला माहीत होतं असा अर्थ होतो."
"माहीत होतंच ना, सर."
"सुजाता, खाली सही तुझी आहे. तुझ्यासाठीच सांगतोय."
वाईट माणूस नाही. बाबांच्या ऑपरेशनला रक्त द्यायला हाच आला होता.

शनि., ८
काढायला बसले आणि वाचत गेले. बहुतेक फालतू. बटणाचा रंग, स्पेलिंग. मग नदीमचा एक: ‘एकाच नंबरवर दोन पेशंट असतील तर?’ म्हणजे नवराबायको दोघं पेशंट असले तर मेसेज एकालाच. तो काढला नाही, दुरुस्त केला. संध्याकाळपर्यंत असे तीन झाले. बाकी कितीतरी. नदीमला फोन केला तर म्हणाला, "मेरा था? याद भी नहीं."
जेवले नाही. आईने दोनदा विचारलं, तिच्यावरच खेकसले.

रवि., ९
माझी ती ओळ अजून तिथेच आहे. पुसायला दोनदा सिलेक्ट केली.
चारच्या सुमारास लताचा फोन. हिराबाई डोळे उघडतात, पण कुणाला ओळखत नाहीत. मग म्हणाली, "ताई, माज्या फोनमदीच काय बिगाड हाय का? तुमाला कलतं ना त्यातलं. मेसेज आला कसा न्हाय?"
"फोन चांगला आहे तुमचा."
"मंग?"
मागून नर्सने हिराबाईंच्या नातेवाइकांना हाक मारली. "थांबा हां, ताई." चपलांचा आवाज लांब गेला. फोन चालूच राहिला, वॉर्डातलं बोलणं अस्पष्ट ऐकू येत होतं. मी कानाला धरून उभी. बऱ्याच वेळाने कट झाला.
तिचा परत आलेला नाही. मीही लावलेला नाही अजून.