प्राइम अजून शिल्लक आहे

२ जानेवारी

आज सत्तेचाळीस पूर्ण. बायकोने गुडघ्याला बांधायचा पट्टा भेट दिला. वाढदिवसाला पट्टा! आभार मानले आणि कपाटात, स्वेटरांच्या खाली, ठेवून दिला.

नव्या वर्षाचा संकल्प: बास्केटबॉलमध्ये पुनरागमन.

लोक म्हणतात, स्टार खेळाडूचा प्राइम तिशी-बत्तिशीत संपतो. लोकांचा हिशेबच कच्चा. वय जन्मापासून मोजायचं नसतं, झिजेपासून मोजायचं असतं. कॉलेजात मी स्टार होतो. मग नोकरी, लग्न, हप्ते. अठरा वर्षं बॉलला हात लावला नाही. म्हणजे गाडी अठरा वर्षं गॅरेजमध्ये होती, मीटर फिरलंच नाही. सत्तेचाळीस वजा अठरा, एकोणतीस. ऐन प्राइम!

बायकोला हिशेब समजावून सांगितला. म्हणाली, अठरा वर्षं गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीची आधी बॅटरी उतरते, मग उंदीर वायरी खातात. तिला गाड्यांतलं काही कळत नाही.

५ जानेवारी

ह्याला म्हणतात योग! डिस्पॅचमध्ये प्रायमरचे ड्रम मोजत होतो, तेवढ्यात लॅबमधला लंबू आला. वय चोवीस, उंची दारात वाकावं लागेल एवढी, आमच्या रंगाच्या कारखान्याच्या टीमचा कॅप्टन. म्हणाला, काका, इंडस्ट्रियल लीगसाठी तुम्ही पाहिजेच. पर्सोनेलने तुमचं नाव दिलंय.

माझी कीर्ती थेट पर्सोनेलपर्यंत! मी खेळाडू आहे हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. विचारलं, मीच का? म्हणाला, काका, तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाहीच. बाकीच्यांचं कोणाचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, कोणाला जिना चढवत नाही.

ह्यातलं शेवटचं वाक्य नीटसं कळलं नाही. पहिलं कळलं. होकार दिला. फक्त 'काका' म्हणू नको, 'दादा' म्हण, असं बजावलं. हो काका, म्हणाला.

९ जानेवारी, सकाळी ७

माझी पहिली प्रॅक्टिस. रिकाम्या ड्रमच्या यार्डामागे कोर्ट आहे. बास्केटच्या बोर्डावर लॅबवाले बाहेरच्या भिंतींच्या रंगाची टेस्ट घेतात, त्यामुळे बोर्ड सध्या अर्धा पिस्ता, अर्धा मरून. माझे शॉट बोर्डाला लागत नाहीत, ह्याचं एक कारण हे असावं.

एकेकाळी उडी मारून रिंगला हात लावायचो. आज जाळीच्या टोकाला बोट लागलं. लागलं असं मला वाटलं. रिंग बहुतेक उंच बसवलीये. लंबूला मोजायला लावली. बरोबर दहा फूट. टेप जुनी असणार.

पोरं फार पळतात. नुसती पळापळ. खेळात डोकं लागतं हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. मी सांगितलं. बसून सांगितलं, कारण दम लागला होता.

संकल्प: रोज पहाटे साडेपाचला धावणे.

१० जानेवारी

थंडी. स्नायू थंडीत ताणू नयेत. उद्यापासून.

११ जानेवारी

काल आणि आज एकत्र धावणार होतो, पण एकदम डबल लोड नको.

१७ जानेवारी

गुडघा. दुखत नाही, नुसता बोलतो. जिना उतरताना जास्त बोलतो. फिजिओ बाईंकडे गेलो. त्यांनी पाय सरळ केला, वाकवला, आतून येणारा आवाज ऐकला आणि म्हणाल्या, वयाच्या मानाने गुडघे चांगले आहेत.

घरी येऊन सांगितलं, बाई म्हणाल्या, गुडघे चांगले आहेत.

बायको म्हणाली, बाकीचं वाक्य कुठे राहिलं? एवढ्या वर्षांच्या संसारात एक वाक्य पूर्ण ऐकलं नाही आणि आज बरोबर अर्धं ऐकू आलं!

१ फेब्रुवारी

लीग सुरू. पहिली मॅच टायर कारखान्याशी. आम्ही जिंकलो!

आणि ही नोंद मोठ्या अक्षरात व्हायला हवी: मी पूर्ण चाळीस मिनिटं कोर्टवर होतो. लंबूला दोनदा बाहेर बसवलं, इतरांना तर सारखं आत-बाहेर. मला एकदाही नाही. मीच तिसऱ्या क्वार्टरमध्ये खूण केली की जरा पाणी प्यायला बाहेर येतो, तर अख्खा बेंच उभा राहून ओरडला, काका, नको, नको, तिथेच थांबा! पाणी आत आणून दिलं. कोणत्या स्टारला एवढा मान मिळतो?

दुसरं. त्यांनी माझ्यावर एक खास माणूस लावला होता. चष्मेवाला, टक्कल पडलेलं, त्यांच्या स्टोअर्सचा हेड. मी कोपऱ्यात गेलो की तोही कोपऱ्यात. मी थांबलो की तोही थांबायचा, कमरेवर हात ठेवून. माझं लक्ष उडावं म्हणून सतत बोलत होता. ॲसिडिटीवर कोणती गोळी घेता, घराचं लोन फिटलं का, वगैरे. जुनी युक्ती आहे. मी गोळीचं नाव सांगितलं, पण खेळावर नजर ठेवून.

माझे पॉइंट शून्य. पण त्याचेही शून्य! मी त्याला पूर्ण रोखला.

लंबूने एकच सूचना केली. काका, काहीही करा, पण फाउल करू नका. पाच फाउल होऊन तुम्ही बाहेर गेलात तर आपण संपलो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, काळजी करू नकोस. खांदा जरा उंच पडला.

१५ फेब्रुवारी

साबण कारखान्याला हरवलं. त्यांनीही माझ्यावर स्पेशालिस्ट सोडला होता. पोट एवढं की बॉल कुठला आणि तो कुठला हे कळेना. तोही शून्यावर. सगळ्या टीमनी माझा अभ्यास केलेला दिसतो.

नवा सिद्धांत: प्राइमचे दोन भाग. पहिल्यात खेळाडू उडतो, दुसऱ्यात खेळाडू उभा राहतो. उभं राहणं जास्त कठीण. दुसऱ्या दिवशी कळतं.

२७ फेब्रुवारी

ऑफिसच्या जिन्यात पाय मुरगळला. चौथी पायरी होती, मला तिसरी वाटली.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. दहा मिनिटांत लंबू लॅबचा पांढरा कोट घालूनच धावत आला. चेहरा कोटाइतकाच पांढरा. उचलून नेलं. संध्याकाळी अख्खी टीम घरी हजर! एकाने बर्फ आणला, एकाने स्प्रे, एकजण उशी नीट करत होता. उद्यापासून मला न्यायला-आणायला गाडी येणार आहे. लंबू बायकोला म्हणाला, काकू, मॅच होईपर्यंत ह्यांना जिना उतरू देऊ नका, हात जोडतो.

पोरं गेल्यावर बायको म्हणाली, जपून राहा. कामापुरता मामा आणि ताकापुरती आजीबाई. मी म्हटलं, तुला प्रेम दिसत नाही. म्हणाली, प्रेम दिसतंय, कशावर आहे ते बघतेय.

तिच्या आवाजात थोडा मत्सर होता.

१४ मार्च

सेमी फायनल जिंकलो! आणि माझा पास! शेवटच्या मिनिटाला कोणाचातरी शॉट रिंगवर आपटून खाली आला, माझ्या डोक्यावर पडला आणि तिथून थेट लंबूच्या हातात. लंबूने बास्केट केली. न बघता दिलेला पास. डोळे मिटलेले होते, म्हणजे खरोखरच न बघता. टेंगूळ आलंय, पण सुबक आहे.

मॅचनंतर माइकवाल्याने मला पुढे बोलावलं. विचारलं, ह्या वयात चाळीस मिनिटं कशी खेळता? 'ह्या वयात' खटकलं. म्हणालो, वय किती वाटतं? तो हसला. म्हणाला, तुम्हीच सांगा.

आता खरं तर एकोणतीस. पण लोकांना गॅरेजचा हिशेब एका वाक्यात कसा सांगणार? सत्तेचाळीस सांगणं म्हणजे स्वतःवर अन्याय. मधला, प्रामाणिक आकडा काढला. अडतीस! माइकवर. पूर्ण ग्राउंडने ऐकलं.

लंबू शेजारी पाणी पीत होता, त्याला जोराचा ठसका लागला. पाठ थोपटली. दमला असेल बिचारा.

२९ मार्च

फायनल.

मॅचच्या आधी लीगचे सेक्रेटरी टेबलाशी आले. समोर पुन्हा टायरवालेच होते, त्यांनी हरकत घेतली होती. म्हणणं असं की, लीगचा नियम आहे, प्रत्येक टीमचा एक माणूस कायम कोर्टवर पंचेचाळीसच्या वरचा पाहिजे. नाहीतर कारखाने कॉलेजची पोरं कामावर घेऊन टीम भरतात. रंगवाल्यांचा हा माणूस स्वतः माइकवर अडतीस म्हणालाय. तेव्हा रंगवाले बाद.

नियम जानेवारीपासून आमच्या कॅन्टीनच्या बोर्डावर लावलेला होता म्हणे. मी वाचला नव्हता. नियम नवशिक्यांसाठी असतात.

म्हणजे पर्सोनेलने माझं नाव दिलं ते कीर्तीमुळे नाही. माझी जन्मतारीख पाहून. म्हणजे चष्मेवाला माझ्यावर सोडलेला नव्हता, तोही माझ्यासारखाच उभा केलेला होता. चाळीस मिनिटं, पाणी आत, गाडी, बर्फ, उशी. सगळं एकदम उलगडलं. वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं. बूट काढून सरळ घरी जावं असं वाटलं.

सेक्रेटरी म्हणाले, लायसन्स दाखवा आणि स्वतःच्या तोंडाने वय जाहीर करा, म्हणजे परत वाद नको. स्टँडमधून बायको ओरडली, अहो, सांगा की! सत्तेचाळीस झाली की दोन जानेवारीला! सेक्रेटरी म्हणाले, ताई, खेळाडूने सांगायचं.

मी लंबूकडे पाहिलं. वाटलं, चिडला असेल. तो खाली वाकून बुटाची लेस बांधत होता. बांधलेली लेस सोडून परत बांधत होता. पोरांनी वर्षभर शिफ्टच्या आधी येऊन सराव केलाय. आमच्या कारखान्याने एकदाही कप आणलेला नाही. आणि ह्या पोराच्या तोंडून माझ्याबद्दल एक वाकडा शब्द निघाला नाही.

माइक हातात घेतला. सत्तेचाळीस, म्हणालो. आवाज फाटला, म्हणून परत म्हणावं लागलं. दोनदा सांगितलं! एकदाच पुरलं असतं.

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. चष्मेवाला त्यांच्या बाजूने ओरडला, मला बावन्न! त्यालाही टाळ्या पडल्या. त्याच्या मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं झालं.

एका पॉइंटने जिंकलो. मी कोपऱ्यात उभा होतो. पण ह्या वेळी का उभा आहे हे माहीत होतं, म्हणून जास्त नीट उभा राहिलो. लंबूने मला उचललं आणि कप माझ्या हातात दिला. रडलो थोडा. घाम म्हणून खपून गेलं.

३० मार्च

रात्री झोप छान लागली. सकाळी उठून कॅन्टीनमध्ये जाऊन नियम नीट वाचला, पहिल्यांदाच. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली आणि चहा तसाच राहिला.

नियमात लिहिलंय, पंचेचाळीसच्या वर. किती वर, हे कुठेच लिहिलेलं नाही!

म्हणजे ह्या लीगमध्ये स्टारचा प्राइम पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू होतो आणि संपायची सोयच नाही. मला तर जेमतेम दोन वर्षं झाली. आत्ता कुठे उमेदवारी संपतेय! रिटायर होईपर्यंत अकरा सीझन. दरवर्षी मी जास्त पात्र होत जाणार.

उगाच मधला आकडा सांगितला. साठ सांगायला हवं होतं.

बायकोला फोन करून सांगितलं. म्हणाली, पट्टा स्वेटरांच्या खाली आहे, काढून ठेवते.

संकल्प: पुढच्या सीझनसाठी जिने जपून उतरणे. फाउल नाहीत. पळणं रद्द, ते एरवीही होत नव्हतं.

६ एप्रिल

सकाळी अकराला लंबूने सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. मोठा केक, कपाशेजारी मेणबत्त्या. सत्कार असणार हे मी ओळखलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, दोन शब्दही तयार ठेवले होते. विषय: दीर्घ प्राइमचं रहस्य.

सत्कार नव्हता. वाढदिवस होता. गेटवर गेल्या आठवड्यात रुजू झालेल्या नव्या सिक्युरिटी सुपरवायझरचा. सहा फूट दोन इंच, छाती दरवाजाएवढी. मिलिटरीत दहा वर्षं बास्केटबॉल खेळलेला. केक कापण्याआधी मागच्या यार्डात त्याने सहज एक डंक करून दाखवला म्हणे, म्हणजे उडी मारून बॉल वरूनच रिंगमध्ये आदळला. बोर्डावरचा पिस्ता रंग उडालाय.

पोरं आनंदाने नाचत होती. लंबूने त्याला स्वतःच्या हाताने केक भरवला आणि विचारलं, दादा, जर्सी डबल एक्सेल लागेल ना?

त्याला 'दादा' म्हणाला.

माणूस चांगला आहे. मला येऊन भेटला. म्हणाला, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय, मला थोडं शिकवाल का? मी म्हणालो, कोपऱ्यात कसं उभं राहायचं ते शिकवतो. त्याला विनोद वाटला. केकचे दोन तुकडे खाल्ले. चांगला होता.

सगळे म्हणतात, वय झालं की खेळाडूचा प्राइम संपतो. अगदी खरं आहे. आज त्याला पंचेचाळीस पूर्ण झाली आणि माझा संपला.