पडद्याआडचा हात

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
करकंब, १७ नोव्हेंबर २०२४

ती. जगदेवी आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कान गेल्यापासून तुझी जीभ जास्त तिखट झालीय असं बाबा म्हणतात, ते काही खोटं नाही. मोबाईलवरचं बारीक अक्षर तुला दिसत नाही, म्हणून सर्जन भाचीला पोस्टाच्या पेटीपर्यंत पळवतेस!

दवाखाना कसा चाललाय विचारलंस. लई जोरात चाललाय. ऊसतोड सुरू झाल्यापासून श्रीपूरकडचे मजूर हर्निया घेऊन येतात, मोळ्या उचलून उचलून होतो तो. पण त्यांना बरं करणारी मी आहे हे कुणाला माहीत नाही. आधी मला बघितलं की माणसं चपला घालून सरळ पंढरपूर गाठायची. जांघेतलं काम, तिथं बाई कशी चालेल! शेवटी मामंजींनी तोडगा काढला. पेशंटला तपासायचं महेश्वरनं. नवरा माझा होमिओपॅथीचा डॉक्टर, पण पुरुष आहे ना. कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं तरी पेशंट जागाच असतो, म्हणून त्याच्या छातीवर हिरवा पडदा लावतात. महेश्वर उशाशी उभा राहून त्याच्याशी बोलत बसतो आणि पडद्याच्या अलीकडे मी ऑपरेशन करते. मी मात्र तोंडातून शब्द काढायचा नाही, हा मामंजींचा नियम. चिमटा हवा असला की एक बोट, कात्री हवी असली की दोन. सिस्टरला आता सगळं पाठ झालंय.

डॉक्टरांचा हात लई हलका, असं गावोगाव बोललं जातं. परवा एकानं पेढे आणून माझ्याच हातात दिले आणि साहेबांना द्या म्हणून सांगितलं. मी हसले. काल मात्र जेवताना महेश्वर मामंजींना सांगत होता की आजची केस जरा अवघड गेली, पण निभावली. मी त्याच्या ताटात भाकरी वाढत होते. तेव्हा हसू आलं नाही.

तुझ्या बेंबीजवळची गाठ वाढलीय म्हणतेस. ती दाबल्यावर आत जाते तोवर ठीक. जायची थांबली तर आतडं अडकून सडतं, जिवावर बेततं, एक दिवसही थांबू नकोस. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येईन तेव्हा बघतेच.

आहे ती माया तशीच राहू दे.
तुझी,
सिद्धेश्वरी


बाळीवेस, सोलापूर
२६ नोव्हेंबर २०२४

चि. सिद्धेश्वरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता माझा चहा गार झाला. अगं, मला बहिरी देवानं केली, तुला मुकी कुणी केली? उभा जन्म मी सिस्टर म्हणून थेटरात काढला. ओरडणारे सर्जन बघितले, शिव्या देणारे बघितले, कात्री फेकून मारणारेबी बघितले. मुका एकबी बघितला न्हाय.

पोरीला बाळंतपणाची डॉक्टर करा, कापाकापीची नको, म्हणून सगळे पावणे दादाच्या उरावर बसले होते. तवा केवढी भांडलीस की! आता त्या शिवप्पा मामंजीफुडं बोटं दाखवून चिमटा मागतीस व्हय? माझी न्हाईस तू असं म्हणणार होते, पर माझीच हायस, म्हणून राग येतोय.

गाठीला पट्टा बांधलाय. हितं सोलापुरात सर्जनांचा काय तोटा न्हाय, पर मला तुझाच हात पायजे, आन् तुझ्याच नावानं. महेश्वरला माझ्या उशाशी उभा केलास तर तशीच उठून घरी येईन, सांगून ठिवते.

यात्रेला ये. शेंगाचटणी कुटून ठिवलीय.
तुझी आत्या


करकंब, २१ जानेवारी २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडून आले त्याच दिवशी लिहायला हवं होतं, पण हात चालला नाही.

मी तुझ्याबरोबर यात्रेतले नंदीध्वज बघत होते, तेव्हा इकडे महेश्वरनं एकट्यानं ऑपरेशन केलं. भिमा नावाचा ऊसतोड मजूर, हर्नियाचाच पेशंट. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही बोलावलं नाही, तेवढीच जागा बधिर केली. हात हलका, हात हलका असं लोक त्याला दोन वर्षं सांगत होते, आणि ते त्याला खरं वाटलं गं. आतडं कापलं गेलं ते त्याला कळलंही नाही. वरून टाके घालून मोकळा झाला.

मी परतले तेव्हा भिमाचं पोट फळीसारखं कडक झालेलं. सोलापूरला न्यायला वेळ नव्हता. भूलवाल्या डॉक्टरांना बोलावून पोट उघडलं तर आत सगळी घाण पसरलेली. मी ओरडत होते, सिस्टरवर, महेश्वरवर. या थिएटरात मी पहिल्यांदाच बोलले, आणि बाहेर भिमाची माणसं ऐकत होती. भिमा टेबलावरच गेला. माझ्यापेक्षा लहान होता.

आता मामंजी म्हणतात, पहिलं ऑपरेशनही मीच केलं असं पोलिसांना सांगायचं. महेश्वरला सुरी धरायचा अधिकार नाही, तो तुरुंगात जाईल. मी सर्जन आहे, माझ्या हातून झालं तर ती नुसती चूक ठरेल. महेश्वर माझ्या पायाशी बसून रडला. पण मी हो म्हटलं तर भिमाला माझ्या हातानं मारलं असं होईल, आणि पुन्हा कुणी माझ्या टेबलावर झोपणार नाही. काय करू सांग.

तुझ्या शब्दाची वाट बघणारी,
सिद्धेश्वरी


सोलापूर, २७ जानेवारी २०२५

चि. सिद्धेश्वरीस आशीर्वाद.

खरं तेच सांग. लई सोसावं लागंल, हे आदीच सांगते. त्याला दोन वर्षं पडद्यापल्याड उभा राहू दिलास, त्याचा जाब तुलाबी द्यावा लागंल. तो दे. पर त्यानं केलेलं सवताच्या हातावर घिऊ नको. नवरा रडला म्हणून पाघळू नको. भिमाची बायकूबी रडत असंलच की.

देव पाठीशी हाय, आन् मीबी हाय.
आत्या


कुर्डुवाडी, २ मार्च २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

खरं सांगितलं. पडदा, बोटांच्या खुणा, सगळं. फौजदारानं लिहून घेतलं आणि मग विचारलं, एवढी शिकलेली बाई दोन वर्षं गप्प कशी बसली. भूलवाल्या डॉक्टरांनी सांगितलं की टाके कोण घालतं याकडे त्यांचं कधी लक्ष नसायचं. सिस्टर रडली आणि गप्प राहिली. तिलाही त्याच गावात राहायचंय.

मग भिमाच्या बायकोला भेटायला त्यांच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत गेले. रेश्मा तिचं नाव. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, साहेबांनी ऑपरेशन केल्यावर नवरा तिच्याशी चांगला बोलला, भाकरी मागितली. बाईचा आवाज आतून आला आणि मग तो गेला. साहेबांच्या हातून एवढी माणसं बरी झाली, मग त्यांच्या हातून हा एकटाच कसा मरेल? ती सगळी माणसं मीच बरी केली, असं मी तिला सांगितलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं आत्या, जणू मी चोरी करायला आलेय.

गाव महेश्वरच्या बाजूनं उभं आहे. साक्ष द्यायला कुणी नाही म्हणून तो मोकळाच आहे, त्याच्याकडे तपासायला अजून रांग असते. चौकशी संपेपर्यंत मला ऑपरेशन करायला बंदी आहे, आणि ती कधी संपेल ते कुणी सांगत नाही. घरातून निघाले, इथं स्टेशनजवळ एक खोली घेतलीय. रोज सकाळी दोऱ्याच्या रिळावर टाक्यांच्या गाठी मारत बसते, बोटं आखडू नयेत म्हणून.

तुझ्या गाठीचं दुसऱ्याकडून करून घे. माझी वाट बघू नको, पाया पडते.

तुझी,
सिद्धेश्वरी


सोलापूर, ९ मार्च २०२५

चि. सिद्धेश्वरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून लई रडले. मग उठून एका सर्जनाकडं गेले, तू पाया पडलीस म्हणून. पोरगा चांगला होता, कागदावर लिहून विचारत होता. त्यानं टेबलाकडं बोट दाखवलं, आन् मला तू दिसलीस, तोंड मिटून बोटं दाखवणारी. मी पट्टा बांधला आन् घरी आले. त्याला सांगितलं, माझी भाची करणार हाय.

बाईच्या हातनं मेला म्हणत्यात न्हवं? मग बाईच्याच हातनं जगलेलं एक तरी माणूस उभं राहून सांगाया पायजे. ते मी सांगणार. माझ्या छातीवर पडदा लावू नको. मला ऐकू येत न्हाय, पर तू बोलत हायस हे तुझा मास्क हलला की कळंल.

चौकशीवाल्यांना म्हणावं, जरा लवकर उरका. परवापासनं गाठ दाबली तरी आत जात न्हाय. मी सिस्टर होते, मला कळतंय सगळं. तरी मी थांबलेय.

माया हाय तशीच हाय, ती कमी व्हायची न्हाय.
तुझी आत्या,
जगदेवी