मी, साडू आणि दोन ग्रेडर

३ फेब्रुवारी
आज इज्जत गेली. मी केलेल्या रस्त्याच्या तुकड्यावरून इंजिनीअर साहेबांची जीप उड्या मारत गेली. मुरुमावर लाटाच लाटा, टिनाच्या छपरावर असतात तशा. साहेब उतरले, बुटानं एक लाट दाबून पाहिली. परत जीपमधे बसले अन् निघून गेले. तेच जास्त लागलं.
जेसीबी सोडून ग्रेडरवर, म्हणजे ब्लेडनं रस्ता सपाट करायच्या मशीनवर, बसलो त्याला चार महिने झाले. हौस माझीच होती.

५ फेब्रु.
साहेबांनी दुसरा ग्रेडर मागवला. रस्ता आता दोन्ही तोंडांनी करायचा. आर्वीकडून मी, गावाकडून नवा माणूस. अन् नवा माणूस कोण, तर देवरावभाऊ! माझे थोरले साडू. वीस वर्षं ग्रेडरवर गेली त्यांची. आले, माझं काम पाहिलं अन् सगळ्या मजुरांसमोर —
"काऊन गा, रस्ता करून राह्यला का वावर वखरून राह्यला?"
सगळे हसले. मीपण हसलो. काय करता.
घरी सुनंदाला सांगितलं. "भाऊजी तसेच हायेत, मनावर नोका घेऊ." हिच्याच बहिणीचा नवरा, ही दुसरं काय बोलणार.

६ फेब्रु.
डबा खाताना शब्बीरचाचा जवळ येऊन बसले. माझ्या मागून रोलर तेच चालवतात. म्हणे, "तू कुठं कुठं मशीन पळवली ते माही कंबर सांगते मले. पहिला गियर लाव. जल्दी काहेकी?"
दुपारी तेच केलं. लाटांवर नुसता मुरूम टाकून भागत नाही, लाट पुन्हा वर येते. तिच्या तळापर्यंत खरडून काढलं. पाणी मारलं, तोच मुरूम परत पसरला. एक खोल फेरा मारायच्या जागी तीन हलके. पायी चाललेला माणूस पुढं निघून जाईल एवढा स्पीड. हात शिवशिवत होते गियर वाढवायला. नाही वाढवला.

९ फेब्रु.
आता ब्लेड टेकवायच्या आधी मुरूम मुठीत दाबून पाहतो. लाडू झाला अन् हात ओला नाही झाला, की चालू. आज सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक लाट नाही. एकही! चाचांना विचारलं, कंबर काय म्हणते? "झोपली बावा." साला, असं वाटलं की खाली उतरून नाचावं.

१२ फेब्रु.
तुरीनं भरलेल्या बैलबंड्या जाता-येता रस्त्याच्या कडेच्या खुंट्या हलवतात. या खुंट्यांवरूनच रस्त्याची उंची धरायची असते. म्हणून रोज सकाळी दोरी लावून सगळ्या तपासतो. अर्धा तास जातो. साडू येऊन बघत उभे.
"खुंट्याच्या भरवशावर कोन चालवते गा? माहा डोया पाह्य, डोया."
डोळा पक्का आहे त्यांचा, खोटं कशाला लिहू. काल त्यांचा फेरा पाहिला. लोण्यातून सुरी जावी तसा. पण दोरी मी सोडणार नाही.

१७ फेब्रु.
हे सगळं लिहून ठेवायचं आहे.
दुपारी दोन्ही तोंडं समोरासमोर आली. मधे दहा-बारा पावलं उरली. अन् साडूंची बाजू चार बोटं वर.
"तू खाली गेला!" तिकडून ओरडले.
"मी नाई गेलो, भाऊ."
साहेबांनी लेव्हलची दुर्बीण लावायला सांगितली. बाजूच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायापण थांबल्या. पहिले माझी बाजू पाहिली. बरोबर. पुन्हा पाहिली. बरोबर. मग त्यांची.
साहेब म्हणाले, "देवराव, तुमची बाजू मागं दोनशे पावलांपासून चढत आली आहे. खुंटी हललेली दिसते."
कोणीच हसलं नाही. कोणी तरी हसावं असं मला एक क्षण वाटलं, हे खरं.
साडू वर चढून आपल्या मशीनचं इंजिन बंद करून आले. माझ्या ग्रेडरजवळ उभे राहिले. "तूच काढ आता. तुया हात जमून आला हाये."
ती दोनशे पावलं मी खरडून काढली. पहिला गियर, तीन फेरे. ते सोबत चालत होते, नजर ब्लेडवर, हातानं खुणा — अजून जराक... अजून... बस. ज्या माणसानं सगळ्यांसमोर माझं हसं केलं, तो माझ्या ब्लेडसंगं चालत होता.

१८ फेब्रु.
टँकरनं रस्त्याच्या मधोमध पाणी सोडलं. अर्धं इकडं उतरलं, अर्धं तिकडं. मधे थेंब थांबला नाही. दोघांच्या कामाचा सांधा कुठं आहे ते साहेबांना दाखवता आलं नाही, मलापण. छाती अशी फुगली! सुनंदाला फोनवर दोनदा सांगितलं. "आयकलं ना जी," म्हणे, पण हसत होती.

२० फेब्रु.
पुढचं काम गिरडकडे. चढाचा रस्ता, वळणं. ग्रेडर एकच जाणार. साहेब म्हणाले, "तुम्ही दोघांत ठरवा." असं त्यांनी याआधी मला कधी विचारलं नव्हतं.
संध्याकाळी साडूंचा फोन. स्वतः केला. "रविवारी दोघंबी येजो जेवाले." मग, "गिरडले तू जाशीन का मी जाऊ?"
म्हटलं, रविवारी बोलू.
मले जायचं हाये. त्यायलेबी जायचं हाये. दोघायले माहीत हाये.