एकच जागा

७ जाने. १९९४
चहा झाल्यावर सांगितलं. आधी कुंपणाच्या तारेचा विषय, मग मोटार जळाल्याचा, आणि मग "हां, अजून एक" म्हणून केंद्र बंद. दिल्लीचा पैसा मार्चअखेर थांबणार. बाहेरची लोकर आता स्वस्तात येते, इथं मेंढ्यांवर संशोधन करायची गरज उरली नाही, असं वर ठरलंय. डायरेक्टरसाहेबांनी कागद वाचला, घडी घातली, चष्मा पुसला. (पुढं नुसतं सा. लिहीन. पूर्ण लिहायची इच्छा नाही.)

लॅबमध्ये माझ्याबरोबर काम करणाऱ्या साळवेंनी विचारलं, आमच्या दोघांचं काय? सा. म्हणाले, बघू.

बघू. सहा महिन्यांची ऑर्डर, मधे एक दिवस घरी, परत सहा महिन्यांची. लोकरीचे धागे मायक्रोस्कोपखाली मोजून मोजून डोळे गेले. आणि सा. बघणार.

पूर्णेला घरी जायची गाडी धरायला चुडाव्याच्या स्टेशनपर्यंत चालत आले. साळवे बरोबर होते. 

१० जाने.
ह्यांना आज सांगितलं. शेडमधून आलेले, हात धूत होते. म्हणाले, "बरं झालं. सकाळच्या पॅसेंजरची तुझी मरमर तरी सुटली."

वाईट हेतूनं नाही म्हणाले. ते मलाही कळतं. रेल्वेची पक्की नोकरी, त्यांना हे कळणार नाही. पण मी उठून रात्रीच्या स्वयंपाकाला लागले. मनीनं विचारलं, आई, भांडी का आपटायलीस? भांडी आपटत होते हे मला माहीतच नव्हतं.

१७ जाने.
विद्यापीठाचं नामांतर झालं. शनिवारपासून बस बंद, कुठं कुठं दगडफेक झाली म्हणतात. गाडी चालू होती म्हणून पोचले.

साळवेंनी पेढे आणलेले. मी संक्रांतीचा तिळगूळ. दोन्ही डबे एकाच टेबलावर. माझा दुपारपर्यंत रिकामा. त्यांच्या डब्याकडं येताना एकेकाला काय काय होत गेलं. हेडक्लार्कला उपास. स्टोअरवाल्याला खोकला. सा. ना शुगर. त्याच सा. नी माझा तिळगूळ दोनदा घेतला.

मी पेढे खाल्ले. शेवटचा तर नको असताना खाल्ला. साळवेंनी डब्याचं झाकण लावलं आणि मेंढवाड्यातल्या बायकांना वाटायला निघून गेले. तिथं संपले.

ज्यांच्याबरोबर रोज डबा खाते त्यांचीच ही तोंडं. दिवसभर काम झालं नाही माझ्याच्यानं.

३१ जाने.
रोजंदारीवरच्या माणसांचा आज शेवटचा दिवस. बायका, मेंढके, सगळे. गयाबाई कोकरांचं बघते, मी इथं लागले त्याच्याही आधीपासून. ती सा. च्या खोलीत शिरली, म्हणाली काढलं म्हणून लिहून द्या. सा. म्हणाले, रोजंदारीला कागद नसतो. रोज बोलावतो म्हणून ती रोजंदारी, उद्यापासून बोलावणार नाही.

गयाबाई म्हणाली, "मग उद्या मी आपणहून येते. तुमी बोलवू नका."

१ फेब्रु.
आली. फाटकाला कुलूप. वॉचमनला तसं सांगून ठेवलेलं. बाहेर लिंबाखाली बसली, दुपारी भाकरी खाल्ली, संध्याकाळी गेली. सा. ची जीप तिच्या समोरून दोनदा गेली आली.

मी तिच्याजवळ जाऊन बसले नाही. खिडकीतून बघत राहिले. पुढचा नंबर आमचा, हे डोक्यात होतं.

९ फेब्रु.
सा. नी बोलावलं. दार लावून घ्या म्हणाले. बसा म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बसा.

परभणीच्या मुख्य ऑफिसात एक जागा आहे. एकच. आमच्यातल्या एकाला तिथं सामावून घेणार. सेवाज्येष्ठतेनं साळवे वर, मी खाली. मी म्हटलं, मी साळवेंच्या दोन वर्षं आधी लागले. सा. म्हणाले, पण मनीच्या वेळी तुमची सेवा तुटली.

तुटली म्हणे. बाळंतपणाच्या वेळी ऑर्डर संपली होती, ऑफिसनंच नवीन द्यायला चार महिने लावले. मी घरी मजेत बसले नव्हते. कच्च्या अंगानं दोनदा येऊन गेले ऑर्डर विचारायला. तेव्हापासून मोजणी पुन्हा एकपासून.

मग आवाज खाली आणला. मार्ग आहे म्हणाले. साळवेंची नेमणूकच नियमात बसत नाही, असा अर्ज मी द्यायचा. टाइप करून ठेवलेला होता, खाली माझं नाव. "सध्या वातावरण असं आहे बाई, वर लगेच ऐकून घेतील."

मी हात लावला नाही. पण नाहीही म्हणाले नाही. विचार करते म्हणाले. ते शब्द तोंडातून गेल्यापासून अंगाची आग होतेय.

१२ फेब्रु.
ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं, सही करून टाक म्हणतील. विडी पेटवली. मग म्हणाले, "साळवे आपल्या घरी जेवलेला माणूस हाय. पुढं तुझं तू ठरव."

ठरवायचं काय त्यात. सही करणार नाही. पण जागा मला पाहिजे. ही काही दयेनं मिळायची वस्तू नाही. मी आधी लागले आहे.

१४ फेब्रु.
गाडीत साळवेंना सांगितलं. अर्जाचं. त्यांचा चेहरा बदलला नाही. खिडकीची काच वर केली, खाली केली. मग म्हणाले, मलाही बोलावलं होतं, तुमच्या आदल्या दिवशी.

त्यांना सांगितलेलं असं. बाईंचा नवरा रेल्वेत आहे, घर चालतंय, बाईंना नोकरीची गरज नाही, शिवाय रजा फार, तसा अर्ज टाइप केलाय, सही करा. म्हणजे तुमचं पक्कं.

दोघांना दोन अर्ज. एकाच मशीनवर टाइप केलेले असतील. आणि आम्ही दोघं पाच दिवस समोरासमोर बसून डबा खात होतो, पोटात हे घेऊन.

"तुम्ही केली का सही?" मी विचारलं.

"न्हाई. तुमी?"

"नाही."

तिथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण मग मनात ठेवल्यासारखं झालं असतं. मी म्हटलं, साळवे, तुमच्याविरुद्ध मी काही लिहिणार नाही. पण माझी तुटलेली सेवा जोडून द्या, असा अर्ज मी करणार आहे. ती जोडली की मी वर जाते.

चुडावा आलं. उतरताना म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर हाय. पण माझ्याकडं दुसरं काहीच न्हाई." गावाकडं आईवडील, शिकणारा भाऊ. मला माहीत आहे. सगळं माहीत आहे.

ह्या माणसाशी भांडायला लावलं मला. सा. ची जीप जाळावीशी वाटते.

२१ फेब्रु.
माझा अर्ज दिला. सा. नी वाचून बाजूला ठेवला, म्हणाले, ह्यानं साळवेंचं नुकसान होईल, तुम्हाला चालेल का? चेहरा असा केला जणू साळवे त्यांचा सख्खा भाऊ.

मी म्हटलं, तुम्ही टाइप करून ठेवलेल्या दोन्ही अर्जांनी कुणाचं भलं होणार होतं? सा. नी कागदावर पेपरवेट ठेवला. मग गैरसमज होतोय म्हणाले.

साळवे हल्ली डबा स्टोअरमध्ये नेऊन खातात.

२८ फेब्रु.
दरवर्षी ह्या दिवसांत लोकरीची कातरणी. यंदा नाही. मेंढरं हर्रासीत काढायची आहेत, मग मजुरी कशाला, म्हणून लोकर अंगावर तशीच. इतक्या वर्षांची निवड, कोणती मेंढी कोणत्या मेंढ्याला लावली, कुणाची लोकर किती बारीक, सगळं आता खाटकाच्या काट्यावर.

माहेरी पालमला निरोप पाठवला. बानं यावं. आमच्या घराण्यात पहिल्यापासून मेंढरं. निदान चार तरी चांगल्या हातात पडतील.

८ मार्च
हर्रास.

नांदेडकडचे खाटीक दोन ट्रक घेऊन सकाळीच हजर. बा पालमहून पहाटेच्या बसनं आला, बरोबर अजून पाच-सहा मेंढपाळ. इथं आल्यावर कळलं, पन्नास पन्नासचे लॉट. पन्नास मेंढरं एकदम कोण धनगर घेणार? बा मला म्हणाला, "आमाला बलावलंच कशाला मग? तमाशा बगायला?" सगळ्यांसमोर म्हणाला. मला मान वर करवेना.

सा. कडं गेले. लॉट फोडा म्हटलं. नियमात नाही म्हणाले. गाभण मेंढ्या तरी वेगळ्या काढा. नाही.

मग मी वाड्याच्या दारात जाऊन उभी राहिले. ठरवून नाही. पाय तिकडं गेले. कडी माझ्या पाठीमागं. हर्रास बोलणारा म्हणाला, बाई बाजूला व्हा. मी झाले नाही. हेडक्लार्क आला, त्याचंही ऐकलं नाही. हात मागं नेऊन कडी धरून ठेवली. 

थोड्या वेळानं शेजारी कुणी येऊन उभं राहिलं. साळवे. माझ्याकडं बघितलं नाही, समोर बघत होते. मग बा आला. मग बाकीचे मेंढपाळ. गयाबाई कुठून आली देव जाणे, तीपण.

सा. म्हणाले, तुमच्या दोघांच्या सेवापुस्तकात हे लिहीन. साळवे म्हणाले, "लिवा. दोघांचं सारखंच लिवा, म्हंजे ज्येष्ठता बदलायची न्हाई."

मला हसू आलं. त्या तसल्या वेळी. कित्येक दिवसांत ते माझ्यासमोर पहिल्यांदा बोलले होते.

उन्हं चढली. खाटकांची कटकट सुरू झाली, त्यांना परत जायचं होतं. शेवटी गाभण आणि लेकुरवाळ्या मेंढ्यांचा एक लॉट फोडला. बाला तीन मिळाल्या. बाकीच्या ट्रकमध्ये. कोंबताना बघत उभी राहिले, मुद्दाम. तोंड फिरवायचं नाही असं ठरवलं होतं.

बानं तिन्ही मेंढ्यांच्या पाठीत बोटं घालून लोकर चाचपली. "लोकर लय मऊ हाय. पर चालायला आळशी दिसायलीत." मग हळू आवाजात, "तू दारात हुभी राह्यलीस ते तुज्या आईला सांगतो."

३१ मार्च
शेवटचा दिवस. मायक्रोस्कोप पुसून सा. च्या ताब्यात. काच तपासली त्यांनी, ओरखडा आहे का म्हणून. किल्ल्या दिल्या. वाडे रिकामे, वास मात्र तसाच.

मुख्य ऑफिसातून माझ्या अर्जाला उत्तर नाही. साळवेंनाही ऑर्डर नाही. सा. ची बदली झाली, पुण्याला, बढतीवर. निरोपाचा चहा ठेवला होता. मी गेले नाही. साळवे गेले, चहा न पिता उभे राहिले आणि आले. म्हणाले, बघायचं होतं लोक काय भाषण करतात. काय केलं? सा. नी केंद्र घरच्यासारखं सांभाळलं, असं.

५ एप्रिल
घरी. पॅसेंजरच्या शिट्टीला उठते आणि मग आठवतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, आता सुखात राहा, मुलीकडं लक्ष द्या. मुलीकडं लक्ष नव्हतं असं कुणी सांगितलं तुम्हाला, मी म्हटलं. लागलं त्यांना. लागू दे.

हे हल्ली बरं झालं म्हणत नाहीत. काल मुख्य ऑफिसच्या साहेबांची भेट कधी असते, ते कुणाकडून तरी विचारून आले. मला न सांगता.

साळवे संध्याकाळी आले होते. उंबऱ्याशीच उभे. मी आत या म्हटलं तर म्हणाले, आधी ऐका. मुख्य ऑफिसात जाऊन जागा एकच का, हे विचारायचं. तिथं जागा रिकाम्या पडल्यात, एकाच जागेची भाषा कुणी काढली? दोघांनी एकत्र विचारायचं. आणि नाहीच ऐकलं तर? मी विचारलं. तर आपापलं, म्हणाले. मग आत येऊन जेवले.

१८ एप्रिल
परभणी. सकाळपासून बाकावर. साहेब मीटिंगमध्ये, मग जेवायला, मग परत मीटिंगमध्ये. साळवेंनी घोटून दाढी केलेली, पांढरा शर्ट. मी मनीच्या बारशातली साडी नेसलेली, दुसरी बरी नव्हती.

चार वाजून गेल्यावर शिपाई बाहेर आला. म्हणाला, सीनियर असतील त्यांनी आधी यावं.

आम्ही दोघंही उठलो.

शिपाई बघतच राहिला. एकदमच आत गेलो. साहेब तरुण आहेत, नवीन. पहिल्यांदा मी बोलले, बाळंतपणाचं, चार महिन्यांचं, सगळं. आवाज चढला. खाली आणला नाही. मग साळवे बोलले, शांतपणे, जागा एकच का म्हणून. माझ्या अर्जाला त्यांचा विरोध नाही, पण स्वतःचा हक्कही सोडत नाहीत, असं दोन्ही स्पष्ट सांगितलं. साहेबांनी आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं. विचारलं, तुम्ही एकमेकांच्या बाजूनं आहात का विरुद्ध?

साळवेंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. 

साहेब म्हणाले, कळवू.

मी दार ढकलून बाहेर आले तेव्हा माझी कानशिलं तापलेली. कळवू, बघू. ह्या लोकांना तिसरा शब्द येत नाही.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. साळवे म्हणाले, "ताई, एकाचंच आलं तर?"

  पूर्णेपर्यंत दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत होतो.