रोक्को तेलेस्का, एक मत

रोम, १४ डिसेंबर

चि. सौ. फिलोमेनास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

बर्फाने गावाच्या टेलिफोनच्या तारा तुटल्याचं बसवाल्याने सांगितलं. वसंतात माझ्या छातीत कळ आल्यापासून आईने धसकाच घेतलाय, आता तिचा जीव टांगणीला लागला असेल. इथे संसदेत राष्ट्रपतीची निवड अडकलीय. रोज मतदान होतं, बहुमत कुणालाच नाही, आणि आम्हा खासदारांना घरी जाता येत नाही.

पण एक युक्ती सुचलीय. मतदान गुप्त असतं, चिठ्ठीवर कुणाचंही नाव चालतं, आणि सभापती प्रत्येक नाव मोठ्याने वाचतात, ते रेडिओवर ऐकू येतं. पक्षाने तूर्त कोऱ्या चिठ्ठ्या टाकायला सांगितल्यात. मी रोज तुझ्या नवऱ्याचं, रोक्कोरावांचं नाव लिहीन. ते ऐकलं की कानिओ ठणठणीत आहे, असं आईला सांग. बाहेर बोलू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
कानिओदादा

ता. १९ डिसेंबर

ती. कानिओदादास,
शि. सा. न. वि. वि.

नाव रोज ऐकू येतंय हो! ते येईपर्यंत आई घास तोंडात घालत नाही. आमच्या ह्यांचा मात्र थाट बघ. चौकात लोक टोपी काढतात, न्हावी दाढीचे पैसे घेत नाही. मी खरं सांगितलेलं नाही, त्यामुळे आपण बनवतो त्या चीजची कीर्ती रोमला पोचली असं बिचाऱ्यांना वाटतंय. सिगारेट बंद आहे ना?

जपून राहा, आमची आठवण असू दे.
तुझी,
फिलोमेना

रोम, २३ डिसेंबर

चि. सौ. फिलोमेनास,
आशीर्वाद.

आधी आईला सांग, मी धडधाकट आहे. काल अखेर एका भल्या माणसाच्या नावावर जमत आलं, पण एकेका मताची मारामार होती. पडद्याआड पेन्सिल हातात धरली आणि डोळ्यांसमोर रेडिओला कान लावून बसलेली आई आली. तरी त्याचंच नाव लिहिलं. तो एका मताने निवडून आला. सगळे मिठ्या मारत होते, मी तार करायला धावलो, तर तिकडची लाइन बंदच. पत्र बसवाल्याच्या हाती देतोय. शपथविधी आटोपला की सुटेन.

आईला म्हणावं, रागावू नकोस.
तुझा,
दादा

ता. २४ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

परवा काय झालं ते ऐक. सगळ्या चिठ्ठ्या वाचून झाल्या, आपलं नाव आलंच नाही. दादाने दुसऱ्याला मत दिलं असेल, असं मी म्हटलं, पण कानिओ शब्द मोडत नाही, हे आईचं पालुपद. तेवढ्यात शेजारीपाजारी टोप्या हातात घेऊन आले आणि फार वाईट झालं म्हणाले. ते आले होते ह्यांच्या पराभवाचं सांत्वन करायला! आईला वाटलं, रोमहून तुझीच खबर आली. तिने पेटीतली दुखवट्याची काळी शाल काढली. मीही हातपाय गाळून बसले रे. कालचा सगळा दिवस घरात चूल पेटली नाही.

आज बसवाल्याने पत्र दिलं. आईने ते तीनदा वाचून घेतलं, रडली, हसली, शाल घडी करून ठेवली आणि नाताळचा मासा तळायला घेतला. ह्यांना खरं कळल्यापासून हे गाल फुगवून बसलेत.

बस परत निघालीय, म्हणून आई सांगते तेवढंच लिहिते: देशाला त्याचा माणूस मिळाला ना? मग माझा मला परत पाठवा म्हणावं.

वाट बघतोय.
तुझी,
फिलोमेना